बाणाचा आऊट

आमचं सायकलचं दुकान एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं खोकं, पुढं बाभळीची सावली आणि सावलीत पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं. अण्णा तिथं उकिडवे बसून चाकाचा आऊट काढत. ज्यांनी सायकल नुसती चालवली, त्यांना आऊट म्हणजे काय हे सांगावं लागेल. खड्ड्यात आपटून रिम वाकली की चाक फिरताना डावीउजवीकडं लहरतं. त्या लहरण्याला आऊट म्हणतात. अण्णा सायकल उलटी करायचे, चाक फिरवायचे आणि रिमपाशी खडू धरायचे. जिथं खडू घासेल तिथले स्पोक चावीनं ताणायचे, नाहीतर ढिले करायचे. मधूनच एकेक स्पोक बोटानं छेडून आवाज ऐकायचे. शेवटी खडू ठेवून द्यायचे आणि चाक नुसतं बघत बसायचे. मग म्हणायचे, "गेला आऊट."

मी आठवीत असताना आमच्या हायस्कुलात नवे सर आले. त्यांनी शाळेमागच्या पडीक रानात धनुर्विद्या सुरू केली. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा आमचा भाग. वर माण-खटावचा दुष्काळ आणि खाली कॅनॉलचा ऊस, मधल्या पट्ट्यात आम्ही. धनुष्य आम्ही फक्त रामायणाच्या सीरियलमध्ये पाहिलेलं. सुरुवातीला बांबूची धनुष्यं होती. मग सरांनी कुठूनकुठून खटपट करून चार रिकर्व्ह धनुष्यं आणली. रिकर्व्ह म्हणजे ज्याच्या दोन्ही पात्यांची टोकं पुढच्या बाजूला वळलेली असतात ते. ऑलिंपिकमध्ये असतं ते हेच. त्याच्याबरोबर आले ॲल्युमिनियमचे बाण.

ॲल्युमिनियमचा बाण म्हणजे पोकळ नळी, पेन्सिलीएवढी जाड. एका तोंडाला पोलादी टोक, दुसऱ्या तोंडाला दोरीत अडकवायची प्लॅस्टिकची खाच, तिला नॉक म्हणतात, आणि तीन पिसं. नळीवर आकडा छापलेला असायचा, १८१६. पहिले दोन आकडे जाडीचे, इंचाचे चौसष्ट भाग केले तर त्यातले अठरा. पुढचे दोन नळीच्या भिंतीचे, इंचाचे हजार भाग केले तर त्यातले सोळा. हे सरांनी सांगितलं तेव्हा वर्गातल्या कुणाला फारसं कळलं नाही. अण्णांना घरी सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "म्हंजे टायरवानी. अठ्ठावीस गुणिले दीड."

हे बाण वाकायचे. टार्गेटच्या लाकडी चौकटीला लागला की वाकला. खाली दगडावर गेला की वाकला. पोरं टार्गेटमधून उपटताना तिरकं ओढायची, तरी वाकायचा. वाकलेला बाण लांबून सरळच दिसतो, पण सुटला की शेपूट हलवत जातो आणि भलतीकडं बसतो. सर असे बाण खोलीच्या कोपऱ्यात टाकायचे. महिन्याभरात कोपऱ्यात वीस-पंचवीस झाले आणि नेमायला बाण उरेनात.

त्यातले पाच मी दप्तरातून दुकानात नेले. अण्णांनी एक उचलला, शोकेसच्या काचेवर ठेवला आणि तळहातानं लाटण्यासारखा लाटला. बाण टकटक करत गेला.

"ह्याला आऊट हाय," अण्णा म्हणाले.

आठवडाभर ते रात्री त्याच्याच मागं होते. एका फळीवर त्यांनी जुन्या बेअरिंगच्या दोन जोड्या हातभर अंतरावर बसवल्या. बाण त्या जोड्यांवर आडवा ठेवायचा आणि बोटानं फिरवायचा. वरून एक स्पोक वाकवून काट्यासारखा आणला होता. बाण जिथं काट्याला शिवेल तिथं अंगठ्यानं अलगद दाबायचं. पहिला बाण जास्त दाबून पार चिमटला. दुसऱ्यापासून जमलं. सरांनी तो फिरवून बघितला, परत फिरवला आणि म्हणाले, "वडिलांना सांग, कोपऱ्यातले सगळे पाठवतो."

मग हे नेहमीचंच झालं. शेजारच्या गावांतली पोरंही बाण घेऊन येऊ लागली. अण्णा एका बाणाचे दोन रुपये घ्यायचे, आमच्या शाळेचे फुकट. गावात सायकली कमी होत चालल्या होत्या, घरटी मोटारसायकल आली होती. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि बाण जास्त, असं व्हायचं. अण्णांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. बाणाला चिरडी पडली असेल तर ते स्वतःच बाजूला टाकायचे. म्हणायचे, "वाकलेलं सरळ हुतंय. मुरगाळलेलं न्हाई हुत."

२०१४ साली मी दहावीत होते. त्या वर्षी राज्यस्पर्धेत माझ्या गटाला साठ मीटरवर नेम धरायचा होता. साठ मीटर म्हणजे आमच्या दुकानापासून पार स्टँडच्या फाटकापर्यंत. टार्गेट १२२ सेंटिमीटरचं, त्याच्या मधला दहा गुणांचा गोल जेमतेम १२ सेंटिमीटरचा, म्हणजे चहाच्या बशीएवढा. सहा-सहाच्या बारा फेऱ्या, एकूण ७२ बाण, ७२० गुण.

माझं धनुष्य हलकं. जड बाण साठ मीटर न्यायचा तर बराच वर उडवावा लागतो आणि त्यासाठी धनुष्यावरची साइट खाली खाली घ्यावी लागते. माझी साइट पट्टीच्या तळाला टेकली होती, आणखी खाली जागाच नव्हती. वारा आला की बाण आणखी खाली पडायचा. सर म्हणाले, "ताकद वाढेल तेव्हा वाढेल. आत्ता बाण बदलायला पाहिजे. कार्बन घ्यावा लागेल."

सर त्या संध्याकाळी दुकानात आले. अण्णांनी स्टूल पुसून दिलं. सरांनी सगळं समजावून सांगितलं. १९७२ साली म्युनिकला धनुर्विद्या परत ऑलिंपिकमध्ये आली तेव्हा ॲल्युमिनियमचेच बाण होते. आता मोठ्या स्पर्धेत साठ-सत्तर मीटरला ते कुणी वापरत नाही. कार्बनचा बाण बारीक, हलका, वेगानं जातो आणि वाऱ्यात कमी ढळतो. सगळ्यांत भारी बाणात तर आत ॲल्युमिनियमची नळी असते आणि वरून कार्बन गुंडाळलेला असतो.

"म्हंजे आत आपलंच हाय," अण्णा हसले. मग त्यांनी विचारलं, "आन् वाकला तर?"

"कार्बनही वाकतो अण्णा. धनुष्यातून सुटताना तर माशासारखा वळवळत जातो. फक्त वाकलेला राहत नाही. एकतर सरळ, नाहीतर मोडलेला."

अण्णा काही बोलले नाहीत.

अगदी भारीतले आम्हाला परवडणारे नव्हतेच. नुसत्या कार्बनचे आठ बाण घ्यायचे ठरले. सहा नेमायला, दोन हाताशी. साडेनऊ हजार रुपये. अण्णांनी दोन वर्षं भिशीत पैसे टाकून हवेच्या कॉम्प्रेसरसाठी रक्कम जमवली होती. मोटारसायकलवाले हातपंपाला थांबत नाहीत, पुढच्या चौकातल्या गॅरेजला जातात, म्हणून. त्या पाकिटातून त्यांनी पैसे मोजले. आई चुलीपाशी बसून बघत होती. तीही काही बोलली नाही.

बाण पुण्याहून आले. काळे, पेन्सिलीपेक्षा बारीक, तुराटी जाळून विझवावी तसे. सोनाराच्या काट्यावर आम्ही तोलून बघितलं. टोक, पिसं लावल्यावर जुना बाण २३ ग्रॅमच्या आसपास भरत होता, नवा १९ भरेल असा हिशेब निघाला. अण्णांनी एकेक बाण काचेवर लाटला. आठच्या आठ बाण गेले, आवाज नाही. त्यांनी ते परत खोक्यात ठेवले.

"ह्येंच्यात काय काम न्हाई," ते म्हणाले.

सरांनी बजावलं होतं की बाण कापायला रविवारी साताऱ्याला न्यायचे आहेत, तोवर तसेच राहू द्या. बाण लांबच येतो, नेमणाऱ्याच्या हाताच्या मापानं तो कापावा लागतो. जेवढा आखूड कापाल तेवढा तो ताठ होतो. प्रत्येक बाणाला त्याच्या ताठपणाचा आकडा असतो. २८ इंचांवर दोन टेकू ठेवून मध्ये ८८० ग्रॅमचं वजन लटकवायचं आणि बाण इंचाच्या किती हजाराव्या भागानं वाकतो ते मोजायचं. माझा ७०० चा. आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. सरांनी हे मला सांगितलं, मी घरी सांगितलं, पण रविवारचं कारण मी नीट सांगितलं नाही.

रविवारी सकाळी उठले तर फडताळात सातच बाण. आठवा दुकानाच्या फळीवर. त्याचं एक तोंड केरसुणीसारखं पिंजलेलं आणि तिथून चार बोटं आत चीर गेलेली. शेजारी हेक्सा ब्लेड. ॲल्युमिनियमचे बाण अण्णाच कापून द्यायचे, इतक्या सफाईनं की कानसही लावावी लागायची नाही. साताऱ्याला जायचा माझा आणि सरांचा खर्च वाचेल म्हणून त्यांनी रात्री एक कापून बघितला होता.

"पाइप कापतो तसाच कापला," अण्णा म्हणाले.

मी पंधरा वर्षांची होते, हे आज कारण म्हणून सांगता येईल. मी दुकानात, बाहेर दोन माणसं उभी असताना ओरडले, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला? सायकल आहे का ती?"

अण्णांनी ब्लेड उचलून खोक्यात ठेवलं आणि बाहेरच्या माणसाला विचारलं, "पंक्चर का हवा?"

साताऱ्याला कार्बन कापायचं यंत्र पाहिलं. भरभर फिरणारी पातळ चकती, तोंडाला मास्क, कारण ती काळी भुकटी छातीत जाते. कार्बन म्हणजे केसाहून बारीक धागे रेझिनमध्ये बसवलेले. करवतीचे दात त्या धाग्यांना ओढतात आणि फाडतात. चकती ओढत नाही, झिजवते. सर म्हणाले, "सांगायला पाहिजे होतं गं मीच त्यांना." मी मान खाली घातली. सरांनी मला सांगितलं होतं.

घरी आले तेव्हा बेअरिंगची फळी दुकानात नव्हती. अण्णांनी ती माळ्यावर टाकली होती. नंतरचे महिनाभर आम्ही जेवण, शाळा, पैसे एवढंच बोललो.

नवे बाण मात्र चालले. सर पहिल्या दिवशी वीस मीटरवरून पुढं जाऊ देईनात. पिसं लावलेले बाण आणि एक बिनपिसांचा असे एकत्र सोडायला लावले. पिसं बाणाची चूक सावरून घेतात, बिनपिसांचा बाण खरं ते सांगतो. माझा डावीकडं गेला. उजव्या हातानं ओढणाऱ्याचा तो डावीकडं गेला तर बाण धनुष्याला ताठ पडतोय असं समजायचं. सरांनी पात्यांचे स्क्रू थोडे आवळून धनुष्याचा जोर वाढवला आणि तो बाकीच्यांजवळ आला. मग साठ मीटर. साइट चांगली बोटभर वर आली. जुना बाण सोडला की दम धरून वाट बघावी लागायची. हा ठप्पकन जाऊन बसायचा. सहातले चार पिवळ्यात आले त्या दिवशी मी रानातून पळत घरी आले आणि दारात आल्यावर आठवलं, की सांगायचं कुणाला.

सरांनी एक सवय लावली होती. बाण काढला की दोन्ही हातांत धरून थोडा वाकवायचा, फिरवून परत वाकवायचा, कान देऊन ऐकायचं. कार्बनला चीर पडली तर वरून दिसत नाही. असा बाण सोडला तर दोरीच्या झटक्यानं तो धनुष्यातच फुटतो आणि त्याची कुसळं धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. ॲल्युमिनियमचा बाण आपलं दुखणं दाखवत असे. हा लपवायचा.

मार्चमध्ये एक बाण चौकटीच्या लाकडाला लागला. वाकवून बघितला, काही नाही. परत बघितला, काहीतरी कुरकुरल्यासारखं वाटलं, पण वाराही होता. सोडावा तर भीती, टाकावा तर साडेनऊ हजारांतला आठवा हिस्सा. तसाच घरी आणला आणि ओट्यावर बसून कानाशी धरून वाकवत राहिले.

आई त्या दिवशी बाजारातून माठ घेऊन आली होती. तिनं विचारलं, "काय करतीस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग वाजवून बघ की. माठ न्हाई का आपण वाजवून घेत? तडा दिसत न्हाई, पर वाजताना बदतंच."

मी बाण दोन बोटांत सैल धरला आणि चमच्यानं टिचकी दिली. मग दुसरा बाण धरला. मग तिसरा. सहा बाण बारीक टणत्कार करत होते. हा सातवा कोरड्या शेंगेसारखा खुळखुळला. का तो मलाच भास?

"परत वाजव," दारातून आवाज आला.

अण्णा हात पुसत उभे होते. मी परत वाजवला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, खाली बसले, डोळे मिटले आणि नखानं टोकापासून वर वर छेडत गेले, स्पोक छेडावा तसे. टोकाच्या वर तीन बोटांवर थांबले. "हितं." बाण दिव्याजवळ धरून त्यांनी त्या जागी अंगठ्यानं दाब दिला, तशी केसासारखी एक रेघ उघडली आणि परत मिटली. ती मला आधी दिसली नव्हती आणि परत कधी दिसलीही नसती.

मी अण्णांची माफी मागितली नाही. आमच्या घरात तशी रीत नव्हती. मी विचारलं, "रोज बघाल का?"

"आण की," ते म्हणाले.

त्या दिवसापासून रानातून आल्यावर बाण आधी दुकानात जायचे. सहाचे सहा वाजवून झाल्यावर मी पुस्तक उघडायचे.

राज्यस्पर्धा अमरावतीला होती. साताऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं बडनेऱ्याला उतरलो. बाणांसाठी अण्णांनी शेताच्या पाइपलाइनच्या पीव्हीसी पाइपाची नळी करून दिली होती, आत सायकलच्या ट्यूबचं अस्तर लावून. बाण सहाच. हाताशी एकही नाही.

दहा फेऱ्या होईपर्यंत मी बऱ्यापैकी वर होते. दहाव्या फेरीत माझाच एक बाण माझ्याच दुसऱ्यावर आपटला. नॉक फुटली, ती बदलता येते. बदलली. बाण वाकवला, ठीक वाटला. नखानं वाजवला. मैदानात लाउडस्पीकर, शिट्ट्या, शेजारच्या पोरींचं बोलणं. आवाज बसका आला की नाही, ते कळेना. वेळ सुरू झाली होती. तो बाण मी भात्याच्या बाहेर, जमिनीवर ठेवला आणि उरलेल्या दोन फेऱ्यांत पाच-पाच बाण सोडले.

संघात निवड नऊ गुणांनी गेली. दोन बाण सोडले नव्हते, आणि माझी सरासरी बाणामागं आठ होती.

घरी आल्यावर तो बाण सगळ्यांत आधी अण्णांपुढं ठेवला. त्यांनी नखानं वाजवला, उलटा करून वाजवला, वाकवला, दिव्याखाली फिरवला. बराच वेळ घेतला. मी मनात म्हणत होते, चीर असू दे.

"ह्यो चांगला हाय," अण्णा म्हणाले.

मी रडायला लागले. अण्णांनी मला रडू दिलं. बाण काचेवर ठेवला, उगाच एकदा लाटला. मग म्हणाले, "चांगला हाय ते आत्ता कळलं. तवा तुला कळलं न्हवतं. न कळलेला बाण खाली ठिवलास, ब्येस केलंस. हात ऱ्हायला."

मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "मीबी इचारून कापायला पायजे हुता."

एवढंच. दुसऱ्या दिवशी फळी माळ्यावरून खाली आली होती.

पुढच्या वर्षी मी निवडले गेले. फार लांब काही पोचले नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला खेळला, साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला विश्वविजेती झाली, ते सगळं आम्ही दुकानातल्या मोबाइलवर बघितलं. अदितीचं धनुष्य वेगळं, कंपाउंड. अण्णांनी तेवढं विचारून घेतलं, "बाण कसला?" कॉम्प्रेसर २०१८ साली आला, सेकंडहँड.

आता सर निवृत्त झाले आणि त्या रानात मी शिकवते. नव्या पोरांना मी पहिली दोन वर्षं ॲल्युमिनियमच देते. आईबाप विचारतात, टीव्हीवर तर सगळ्यांकडं काळे असतात. मी सांगते, जवळच्या अंतराला हा पुरतो, जड असल्यानं हळूच्या धनुष्यातून नीट सुटतो आणि पोरांच्या हातून वाकला तर परत सरळ होतो. काळा बाण मागायच्या आधी ऐकायला शिकू दे.

परवा सहावीतला एक पोरगा आला. थोरल्या भावाचा कार्बनचा बाण घेऊन. म्हणाला, "ताई, ह्याला आऊट आलाय का बघा." आऊट हा शब्द आमच्या मैदानावर असा सगळ्या बाणांना लागू झालाय. मी सांगितलं, "ह्याला आऊट येत नाही रे." मी वाजवून बघितला. मला चांगला वाटला. तरी म्हटलं, "स्टँडमागं दुकान आहे ना, तिथं जा. अण्णा झोपले असतील तर उठवू नको, थांब. आणि त्यांनी वाजवल्याशिवाय सोडू नको."